ट्रंकेवरचं यंत्र

मुलीला आधार म्हणून मला लातूरला पाठवलं, ही आमच्या घरातली सर्वांत मोठी चूक.

बायको चाकूरला शिक्षिका, तिला रजा मिळेना. मी नुकताच निवृत्त, म्हणजे घरात बिनकामाचा. तेव्हा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत ऋतुजाजवळ खोली घेऊन मीच राहायचं ठरलं. निघताना बायकोनं बजावलं, "पोरगी घाबरट हाय. शेवटपर्यंत तिचा हात सोडू नका." (घाबरट कोण, हे एवढ्या वर्षांच्या संसारात तिला कळायला हवं होतं.)

समोरच्या खोलीत उदगीरच्या नसीमभाभी त्यांच्या समरीनसाठी राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी भाकरी पाहिली आणि ठरवून टाकलं: स्वयंपाक त्या करणार, बाजार मी आणणार. पोरी कधी या खोलीत, कधी त्या खोलीत अभ्यासाला बसत.

माझं खास सामान एकच. भूकंपाच्या साली मी आईला उचलून घराबाहेर धावलो होतो. उजाडल्यावर कळलं, उचलली ती गोधड्यांची वळकटी होती. आई केव्हाच बाहेर येऊन मला हाका मारत होती. तेव्हापासून ट्रंकेवर एक पेला उपडा, त्यावर दुसरा, त्यावर तांब्या, असं यंत्र रचल्याशिवाय मला चैन पडत नाही. जमीन हलली की तांब्या पडतो, आपण पळायचं.

परीक्षेच्या दिवशी गेट दीडला बंद होणार होतं. पोरींना व्यत्यय नको म्हणून मी फोनचा आवाजही बंद ठेवला होता. सव्वाबाराला यंत्र धाडकन कोसळलं.

"भूकंप! पळा!"

समोर वहीत मान घालून बसलेल्या पोरीचा हात धरला आणि दोन जिने उतरून थेट रस्त्यावर. मागोमाग अख्खी बिल्डिंग. एकाला दोन धक्के बसले होते, दुसऱ्याला तीन. घरमालकांनी तर भिंत हलताना पाहिली होती.

"चाचा," माझ्या हातातली पोरगी म्हणाली, "मी समरीन."

पाहतो तर नसीमभाभी ऋतुजाचा हात धरून उभ्या. तिला दहीसाखर द्यायला त्यांनी बोलावलं होतं म्हणे. त्या म्हणाल्या, "भाईजान, तुमची तुम्ही घ्या, माझी मला द्या."

पोरींची अदलाबदल झाली, पण हॉल तिकिटं वर राहिली. मी फर्मावलं, "अर्धा तास कुणी आत जायचं न्हाई. दुसरा धक्का येत असतो." पाऊण वाजत आला तरी दुसरा धक्का येईना. शेवटी मीच वर निघालो आणि पहिल्या पायरीवरच कठडा धरून उभा राहिलो.

ऋतुजा म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसा हितं. बीपीची गोळी घेतली का?"

ती आणि समरीन वर गेल्या. मला तेव्हा खरंच रडू आलं. खाली आल्या त्या दोघींची हॉल तिकिटं, पाण्याच्या बाटल्या, माझ्या चपला, माझी गोळी आणि माझा फोन घेऊन.

"मम्मीचे सात मिस्ड कॉल हायेत," ऋतुजा म्हणाली. तेवढ्यात फोन तिच्या हातात थरथरायला लागला. तिनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पप्पा, फोन कुठं ठेवला होता?"

"ट्रंकेवर."

"आन् यंत्र?"

मी गोळी गिळली. घरमालक म्हणाले, "तरी मला वाटलंच, भिंत हलली न्हाई म्हणून."

रिक्षात आम्ही चौघं; ऋतुजा गेटपर्यंत माझा हात धरून बसली होती. दीडला दहा मिनिटं होती. आत शिरताना ती वळून म्हणाली, "नसीमकाकू, पप्पांकडं लक्ष ठेवा."

मग मी बायकोला फोन लावला.

"गेली का आत? शेवटपर्यंत हात धरून होता ना?"

"हाव," मी म्हणालो. "गेटवर तिनंच सोडवून घेतला. मी सोडत नव्हतो."