ताईच्या बोटांजवळ आणलेला क्लच

गर्दीत तासभर मोटारसायकल चालवली की डावाच हात का दुखतो?

हिंजवडीच्या जॅममध्ये अडकलेल्या प्रत्येकाने हे अनुभवले असेल. दोन्ही हात हँडलवरच असतात. तक्रार मात्र डावा करतो.

माझ्या ताईनेही मला हेच विचारले होते.

आज तिला जाऊन एक वर्ष झाले.

उत्तर तसे सोपे आहे. गर्दीत क्लच पुन्हापुन्हा ओढावा लागतो, धरून ठेवावा लागतो. त्यात बहुतेक लिव्हर मोठ्या पंजाच्या हिशोबाने बसवलेले असतात. लहान पंजाची बोटे तिथवर जेमतेम टोकांनी पोचतात, आणि ताणलेल्या बोटांत जोर कमी असतो.

ताईचा पंजा लहानच होता. पुढे त्यात संधिवात आला.

ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होती. सुट्टी मिळाली की टूरिंग बाइक काढायची आणि मागे दाजींना बसवून थेट कोकण गाठायची. दाजी चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातले. गिअरची गाडी त्यांनी कधी चालवलीच नाही. गावात कुणी हसले की म्हणायचे, "आमाला ड्रायव्हर हाय. तुमाला हाय का?"

मग बोटे आखडत गेली. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"मिलिंद, उद्या गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. विकून टाकते. आज पार्किंगमधून बाहेरसुद्धा काढता आली नाही मला."

आवाज अगदी सरळ होता. ताईचा आवाज इतका सरळ असला, की समजावे, तिचे रडून झाले आहे.

मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतो. म्हणालो, "संध्याकाळपर्यंत थांब."

चिंचवडच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ॲडजस्टेबल क्लच लिव्हर मिळाला. त्यावर एक छोटी चकती असते; ती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ येतो किंवा लांब जातो. तिच्या गाडीला बसणारा तेवढा एकच होता, आणि तोही सर्वांत स्वस्तातला.

ताईने तो कंपनीतल्या सवयीने उजेडात फिरवून पाहिला.

"फिनिशिंग रिजेक्ट. आमच्याकडे याला लाल टॅग लागला असता."

"चांगला मागवतो. चार दिवस लागतील."

"माझी बोटंच किती वर्षं चालणार आहेत, मिलिंद? लिव्हरला जन्माची गॅरंटी कशाला? बसव."

केबल सैल केली. जुना लिव्हर काढला. त्याच्या भोकातली धातूची बारीक नळी, म्हणजे बुश, जपून काढून नव्यात घातली; ती नसेल तर लिव्हर खुळखुळतो. बोल्ट बेताने आवळला, कारण जास्त आवळला तर लिव्हर अडकतो.

"आता लक्षात घे, ताई. क्लचची स्प्रिंग तेवढीच कडक राहणार आहे. आपण फक्त लिव्हर अशा जागी आणतो आहोत, की जिथे तुझ्या बोटांना..."

"सर, तास संपला. पाना घ्या."

चकती सर्वांत जवळच्या खाचेवर आणली. लिव्हर जवळ आणल्यावर क्लच पुरता सुटतो की नाही, हे तपासावेच लागते. इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, ताईने क्लच ओढला, मी मागून ढकलले. गाडी अलगद पुढे सरकली.

उत्तम!

मग तिने स्टार्टर दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. चिडीचूप.

दाजी दारातून म्हणाले, "पाव्हणं, गिऱ्हाईक यायच्या आत भंगारात काढली का गाडी?"

आम्ही दोघांनी व्हर्नियर लावून बोल्टचे भोकसुद्धा मोजले होते, आणि क्लचजवळचा स्विच विसरलो होतो. त्या गाडीत क्लच ओढला की लिव्हर तो स्विच दाबतो, तेव्हाच स्टार्टर चालतो. नव्या लिव्हरचे नाक, म्हणजे स्विच दाबणारे टोक, किंचित आखूड होते. ॲल्युमिनियमची बारीक पट्टी चिकटवली, कानशीने घासून मापात आणली.

गाडी सुरू झाली.

ताईने सोसायटीत दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला ती गेटबाहेर गेली आणि बराच वेळ परतलीच नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. दाजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितले, "गाडी न्हाई. गाडी मालकिणीला घिऊन गेलीया."

पुढचे वर्षभर ती फिरली. ताम्हिणी उतरून हर्णैला गेली, दाजी मागे.

आणि वर्षभर मी धास्तावलेला होतो. लिव्हर मी बसवला होता. घाटात तुटला तर? प्रत्येक ट्रिपआधी चिखलीला जाऊन त्याला कुठे तडा गेला आहे का, ते पाहायचो. ती म्हणायची, "इन्स्पेक्शन माझं खातं आहे."

मग दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, तुमची ताई गेली."

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "गाडीवर?"

"न्हाई वं. घरी. खुर्चीत बसली व्हती. चहा तसाच ऱ्हायला."

हृदय थांबले होते.

रडू नंतर आले. आधी हायसे वाटले. तिला गाडीने नेले नव्हते, आणि तिच्याकडून गाडी कुणी काढून घेतली नव्हती. आदल्याच रविवारी ती लोणावळ्याला जाऊन आली होती.

बऱ्याच दिवसांनी हे दाजींना सांगितले. ते म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं. मी तर मागं बसायचो."

बॅटरी उतरू नये म्हणून दाजी आता दर रविवारी गाडी सुरू करतात. त्यासाठी क्लच ओढावा लागतो, आणि लिव्हर अजून त्याच जवळच्या खाचेवर असल्याने त्यांची जाड बोटे कशीबशी मावतात. आज मी म्हणालो, "दाजी, चकती फिरवून देतो. एका सेकंदाचं काम आहे."

"नगं. ऱ्हाऊ द्या तिच्या मापाचा. मी बसवतो बोटं."

आता तुमच्यासाठी एक साधी चाचणी. इंजिन बंद ठेवून गाडीवर बसा. डोळे मिटा. डावा तळहात मुठीवर टेकवून बोटे पुढे सोडा. लिव्हर मधल्या पेरांखाली आला, तर तो तुमच्या मापाचा आहे. त्याला पकडायला तळहात उचलावा लागला, तर तो लांब आहे. जवळ आणून घ्या, आणि क्लच पुरता सुटतो ना, तेही पाहा.

सावकाश जा, ताई.