इस्त्रीवाल्या मावशींचं रोजचं भांडण

आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी सुनेला काठीने बडवतात, असं गल्लीभर झालं होतं. रोज संध्याकाळी परसातून दणादणा आवाज यायचा आणि पाठोपाठ मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, "ऊठ! निघ इथून! खाऊन खाऊन सुस्तावलीयस नुसती!" सून बिचारी हूं की चूं करायची नाही. करणार कशी? ती तेव्हा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या शर्टांच्या घड्या घालत असायची.

मार खायची ती जमीन. मावशींची इस्त्री कोळशाची. पोती परसात, आणि पोत्यांमागे एका धामणीने बिऱ्हाड थाटलेलं. लांबलचक, बिनविषारी, लाजरी. ती उंदीर गिळते म्हणून कपडे शाबूत राहतात. पण त्याच सांदीत कधीमधी घोणसही येऊन बसते. अंगावर काळसर साखळी, चिडली की कुकरसारखी फुसफुसते, आणि चावली तर थेट इस्पितळ. म्हणून पोत्यात हात घालण्याआधी काठी आपटायची. हादऱ्याने धामण सुळकन निघून जाते. घोणस हटत नाही. मग मावशीच हटतात, दार ओढून घेतात आणि सर्पमित्राला फोन लावतात.

"सापाला शिव्या कळत नाहीत हो," मी एकदा म्हटलं.

"मला तर बरं वाटतं!"

हे मी गल्लीत सांगून दमले. पण सुनेला बडवणारी सासू मिळत असताना धामणीला कोण विचारतो?

मावशींच्या धाकट्याचं लग्न जमत आलं होतं. हे सगळं मुलीच्या आईच्या कानावर गेलं आणि बाई न कळवता थेट माझ्या दारात.

"खरं सांगा, पोर त्या घरात देऊ की नको?"

मी तोंड उघडते तोच भिंतीपलीकडून दण्, दण्! "ऊठ गं बये! नवी सून यायचीय, तुझा पसारा आवर!"

बाईंनी पिशवी उचलली. "मोडलं लग्न!"

मी त्यांचा हात धरला आणि ओढतच शेजारी नेलं. सून घड्या घालत गुणगुणत होती. म्हणाली, "आईंना भेटायचंय? बसा, भांडण संपतच आलंय."

बाईंनी परसात डोकावलं. मनगटाएवढी जाड धामण भिंतीवरून पलीकडे चालली होती. पुढच्या क्षणी बाई इस्त्रीच्या टेबलावर, ताज्या घडीच्या शर्टांवर उभ्या! सून हसून हसून खाली बसली. मावशींनी काठी कोपऱ्यात ठेवली, विहीणबाईंना हात देऊन उतरवलं, चहा पाजला. दुसरा कप बाईंनी स्वतःहून मागितला. मी मनात म्हटलं, जमलं!

तरी जाता जाता त्या हळूच म्हणाल्या, "पण आमची पोर सापाला फार घाबरते हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"साप काठी आपटली की जातो, विहीणबाई. ही भिंतीला कान लावून बसते ना, ती काही केल्या जात नाही. पोरीला हिची तेवढी सवय करून घ्यायला सांगा."