उचगावच्या माळावरची गिरकी

"मॅडम, रेंजच्या कांड्या फुल्ल हायत की! मग रक्तपेढीला फोन का लागंना?"

राजारामपुरीतल्या प्रसूतिगृहाचे डॉक्टर माझ्यावर खेकसत होते. आत एका बाळंतिणीला तातडीनं रक्त हवं होतं. शेवटी त्यांनी कंपाउंडरला गाडीवरून पिटाळलं.

मी मोबाईल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर. ज्या टॉवरचा सिग्नल जोरात, त्याला फोन चिकटतो. माझ्या हँडसेटवर टॉवरचा नंबर दिसतो, आणि इथला नंबर आमच्या यादीतच नव्हता. म्हणजे कुणीतरी परस्पर चालू केलेला टॉवर. रेंज दाखवणार, कॉल पुढे नेणार नाही.

दोन चौक पलीकडे जाऊन बॉसना फोन लावला.

"टॉवरची दिशा दाखवणारं मशीन उद्या येईल," ते म्हणाले.

"तोवर बाळंतपणं थांबवू का सर?" मी तडकलेच.

मग माने सर आठवले. माझे पहिले साहेब. मी नवी असताना उचगावच्या माळावर त्यांनी शिकवलं होतं: फोन छातीशी धरायचा, सावकाश गोल फिरायचं. आपलंच अंग सिग्नल अडवतं. रेंज सगळ्यात जास्त पडेल तेव्हा टॉवर पाठीमागे. शेरडं राखणाऱ्या बायका आम्हाला हसायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सर मात्र फिरतच राहायचे. "खोलीत बसून सिग्नल कळत न्हाई, भाईर जाऊन फिर," म्हणायचे. फार चांगले दिवस होते ते.

भर बाजारात तीन ठिकाणी गिरक्या घेतल्या. तिन्ही दिशा एकाच इमारतीवर मिळाल्या. तिच्या खाली शेवटची गिरकी घेताना वरून आवाज आला.

"अजून बी घाईच करतीस!"

गॅलरीत माने सर! निवृत्तीनंतर त्यांनी इथे क्लास काढला होता, मला पत्ताच नव्हता. मी वर गेले. टेबलावर भंगारातून आणून दुरुस्त केलेला टेस्टिंगचा छोटा टॉवर, मिक्सरएवढा डबा. पोरांना शिकवायला.

"पॉवर कमी ठेवलीया. खोलीभाईर जात न्हाई," सर म्हणाले.

"सर, शेजारच्या दवाखान्यातून रक्तासाठी फोन लागत नाही."

सरांनी गप्पकन पिन उपटली. तेवढ्यात तिकडे दवाखान्यात कंपाउंडर रक्त घेऊन पोचला, आणि बाई वाचली.

रिपोर्टमध्ये टॉवर चालवणाऱ्याच्या नावाच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं.

"लिव्ह की," सर म्हणाले. "खोटा रिपोर्ट लिवायला मी शिकवलं न्हाई तुला."

लिहिलं. डबा जप्त झाला, क्लासही बंद पडला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सिग्नल कुठवर जातो, हे खोलीत बसून कळत नाही. सरांनी त्या दिवशी एकदा तरी बाहेर जाऊन फिरायला हवं होतं.