तीन महिन्यांचा सरकारी जावई

नोकरी गेली त्या संध्याकाळी विघ्नेश दुबईतच अल कुसैसला भावाच्या घरी आला तो बॅगा घेऊनच. सिलिकॉन ओएसिसमधल्या त्याच्या कंपनीने अख्खा विभागच बंद केला होता. वासंतीवहिनीला तेव्हा खरंच त्याची कीव आली. बेरोजगारीच्या विम्याचा अर्ज तिनेच आपल्या फोनवरून भरला. भावजी शेजारी बसून चकल्या खात होते.

पैसे सुरू झाले आणि तिची कीव आटली. स्वारी दुपारी उठायची, अत्तर फवारून मॉलमध्ये मिरवायची. दर महिन्याला क्लेम पुन्हा टाकावा लागे, तेवढ्यापुरती मात्र जिभेवर साखर. "वहिनी, ते सबमिट करा ना प्लीज!"

वासंती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिथला ड्रायव्हर अलीमियाँ भला माणूस. त्याने ओळखीने विघ्नेशसाठी तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा काढून दिली.

"उम्म अल कुवैन?" विघ्नेशने नाक मुरडलं. "तिथे जाऊन काय मासे मोजू? शिवाय नोकरी धरली की क्लेम खलास. घरबसल्या मिळतंय ते सोडायला मी काय खुळा आहे?"

"घरबसल्या मिळतंय ते माझ्या हातचं जेवण, भावजी."

तिच्या नवऱ्याने, सतीशने, टीव्हीचा आवाज वाढवला. धाकट्या भावापुढे त्याची जीभ कधी उचललीच नव्हती. वासंतीला नवऱ्याचाही तितकाच तिटकारा आला.

तीन महिने सरले. "मुदत वाढवून मागा ना, सांगा आजारी होतो," असा विघ्नेशचा हट्ट. तिने मुद्दाम स्पीकरवर विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, एका क्लेमला तीनच महिने, पुढे वाढ नाही.

"माणुसकीच नाही ह्या लोकांना!"

"काका, यू डिडन्ट ईव्हन ट्राय," दहा वर्षांची सान्वी म्हणाली. एरवी वासंतीने लेकीला दटावलं असतं. आज नाही. अलीमियाँने काढलेली जागा तोवर दुसऱ्याने पटकावली होती.

नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी व्हिसाची सवलत संपत आली तसा तो सतीशने काढलेल्या तिकिटावर चिपळूणला परतला. महिन्याभराने गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. गळ्यात हार घातलेले 'दुबईतील यशस्वी व्यवस्थापक' शाळेतल्या मुलांना कष्टाचं महत्त्व सांगत होते. खाली पहिला अंगठा सतीशचा.

रात्री सतीश पानावर येऊन बसला. वासंती जागची हलली नाही.

"भात तिकडे आहे," ती म्हणाली. "हाताने घ्या."