टोपणाचं सील

या सदरातले अद्भुत अनुभव चहा पिता पिता वाचायचे आणि बायकोला वाचून दाखवून हसायचं, एवढाच माझा या विषयाशी संबंध होता. मी ट्रकवाला माणूस. गाडी बंद पडली तर डिझेल, हवा, वायरिंग… शोधलं की कारण सापडतंच. भूतबीत इंजिनात शिरत नाही. आजही मी तसंच म्हणतो, फक्त आवाज जरा खाली आलाय.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. लातूरहून डाळ भरायची आणि नांदेडला उतरवायची, हा धंदा. आधी अप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी. उन्हाळ्यात रेडिएटर उकळायचा, एकदा तर हेड गॅस्केटच उडालं. म्हणून नांदेडच्या सलीमभाई मेकॅनिकचं ऐकून मी रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी वॉटरलेस कूलंट भरून घेतलं. त्यात पाणी नसतंच. पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलं तरी ते उकळत नाही, आत गंज धरत नाही. अट एकच — वरून पाणी घालायचं नाही. घातलं की सगळं वाया.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. अप्पांचा जन्माचा नेम होता — सकाळी लिंगपूजा झाली की विभूतीची बोटं तांब्यात बुडवायची आणि ते पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं. गाडीला पाणी पाजल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचे नाहीत. मी बजावून सांगितलं, आता नको. दुसऱ्याच दिवशी तांब्या आत! सलीमभाईंकडं एक यंत्र आहे, काचेवर थेंब टाकून डोळ्याला लावायचं, की कूलंटमध्ये पाणी किती ते कळतं. त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. सगळं काढून पुन्हा भरावं लागलं.

मग मी चिडलो. सलीमभाईंकडून रेडिएटरच्या टोपणाला तार ओवून शिशाचं सील मारून घेतलं, आणि सीटमागचा पाण्याचा कॅनसुद्धा घरी काढून ठेवला. अप्पा बघत उभे होते.

"तहान न्हाई असा जीव असतो का रे कुठं?"

"अप्पा, ते इंजिन आहे."

"असंल. पर तुला पोसायलंय की."

त्या दिवसापासून अप्पा गाडीजवळ यायचेच बंद झाले. माझ्याशीही कामापुरतंच बोलायचे. मला वाईट वाटायचं, पण मी बरोबर होतो ना… म्हणून सील काढलं नाही.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी अप्पांच्या छातीत कळ आली. मुखेडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, वेळ न घालवता नांदेडला हलवा. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. माझी गाडी रिकामीच होती. केबिनमधल्या लांब सीटवर अप्पांना निजवलं, बायकोनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही कंधारच्या रस्त्याला लागलो.

कंधारच्या अलीकडं, माळावर, तापमानाचा काटा एकदम लालवर गेला. उतरून बघितलं तर रेडिएटरचा खालचा रबरी होज पाइप बोटभर फाटलेला. सगळं कूलंट रस्त्यावर सांडत आलेलं, मागं लांबपर्यंत ओला पट्टा. जवळ ना घर, ना विहीर, समोरून एक गाडी नाही. पाण्याचा कॅन घरी ओसरीत होता. मीच ठेवलेला.

"अहो, कायतरी करा," बायको म्हणाली. "अप्पांचे हात गार पडायलेत."

अप्पांचे डोळे मिटलेले होते. ओठ तेवढे हलले. "गाडीला पाणी पाज रे."

कोरडं इंजिन फार लांब जात नाही, जाम होतं. तरी जेवढं जाईल तेवढं जाऊ, पुढं कुणीतरी भेटेल, म्हणून मी सेल मारला.

आणि काटा हळूहळू खाली आला. एरवी असतो तिथं येऊन थांबला.

जाणकार म्हणतील, कूलंट संपलं की काटा खोटं बोलतो. मान्य. म्हणून मी काट्याचं सांगत नाही, इंजिनाचं सांगतो. ओढ कमी नाही, खडखड नाही, जळका वास नाही… गाडी लोण्यासारखी पळत होती. कंधार आलं, मी थांबलो नाही. चालतं इंजिन बंद करायची हिंमतच होईना. लोहाही मागं गेलं. नांदेडला दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. काहीतरी फार मोठं आपल्याबरोबर इथवर आलंय असं वाटत होतं.

अप्पा आयसीयूत गेले. दुसऱ्या दिवशी सलीमभाई गाडी बघायला आले. टोपणाचं सील जसंच्या तसं, त्यावर त्यांच्याच पकडीचा ठसा. त्यांनी तार कापली, टोपण फिरवलं, आणि तेव्हा कुठं खालच्या फाटलेल्या होजमधून धार लागली. तोपर्यंत खाली एक टिपूस नव्हता. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता.

त्यांनी काचेवर थेंब टाकला, यंत्र डोळ्याला लावलं. पुसून पुन्हा लावलं.

"निव्वळ पाणी हाय मालक हे. कूलंट नावालाबी न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही टाकलाव कुठून? सील तर मीच तोडलो आत्ता."

खाली धरलेल्या टबात पाणी साचलं आणि तळाशी थोडी पांढरी राख बसली. सलीमभाईंनी ती बोटानं चोळून बघितली, क्षार असतील म्हणाले. ती राख मी लहानपणापासून कपाळाला लावत आलोय.

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी अप्पांना वॉर्डात आणलं. मी चमच्यानं पाणी पाजत होतो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"रागावू नगो," म्हणाले. आवाज पार खोल गेलेला. "गाडीला पाणी पाजलो म्या. पर सील तोडलो न्हाई तुझं."

मी तिथंच, चार पेशंटांसमोर, रडलो.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. अप्पांना विचारलं तर म्हणतात, मी कवा असं म्हटलो. सलीमभाईंनी पुन्हा वॉटरलेस कूलंट भरून दिलं, सील मात्र मी मारू दिलं नाही. पाण्याचा कॅन सीटमागं परत आलाय. अप्पा रोज सकाळी तांब्या घेऊन गाडीपाशी येतात, टोपणाला हात लावत नाहीत, पुढच्या टायरवर पाणी ओततात आणि मग चहाला बसतात. मीही त्याआधी चहा घेत नाही.