अळणी हंडी

केळव्याच्या प्रेमलाला माणसं अबोल म्हणत. खोटं हो, साफ खोटं! तिला बोलायला माणूस मिळत नव्हतं, एवढंच. पालघरात जंगल राखणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत ती टंकलेखन करी. तिथं मशीन बोलायचं, ही ऐकायची. संध्याकाळी एसटीनं केळव्याला उतरायचं, वाडीतलं घर गाठायचं आणि दिवा लावायचा. भाऊ रामनाथ तारापूरच्या कॉलनीत राहायला गेला तो सणावारापुरता येई. बोलायला उरली होती एक आई. एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या श्रावणात तीही गेली.

कचेरीत सगळे "वाईट झालं" म्हणाले. मनापासूनच म्हणाले, पण रोपवाटिकेचा ट्रक दारात उभा होता, सगळे तिकडे धावले. आई कशी गेली, हे कुणी विचारलंच नाही. आणि न विचारता अशी गोष्ट सांगावी तरी कशी? प्रेमलानं ठरवलं, आता हिवाळ्यातल्या शिबिरातच सांगायचं.

कारण शिबिरात उकडहंडी असे, मडक्यात कंद-शेंगा भरून जाळावर उकडलेली. डोंगराच्या पायथ्याशी संस्थेची रोपवाटिका होती, तिथं सगळे दोन दिवस राहायला जात. प्रेमला वाडीतून पोतंभर कंद, रताळी, वालाच्या शेंगा नेई. एकट्या माणसासाठी कुणी हंडी लावत नाही. निवडायला, सोलायलाच दहा हात लागतात, आणि हात गुंतले की तोंडं मोकळी सुटतात. कुणाच्या सासूचं, कुणाच्या लग्नाचं, सगळं त्या सालींच्या ढिगाभोवती निघे. वर्षभर गप्प असलेली प्रेमला त्या दिवशी अशी बोले की लोक म्हणत, हिला आवरा.

त्या वर्षी मात्र प्रमुख नव्या होत्या, मुंबईहून आलेल्या शैलाताई. बाई सालस, पण फोन आणि मीटिंगांनी पार कावलेल्या. चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं, "आज सूर्य मावळेपर्यंत सगळ्यांनी मौन पाळायचं. जंगल ऐकू या." लोक खूश झाले. घरी बायकापोरांचा कलकलाट असलेल्यांना मौन गोडच लागणार. प्रेमलाला मात्र दुष्काळात तेरावा महिना.

पोतं सोडलं गेलं. कंद सोलताना हात खाजत होते, पण वैतागायचीही सोय नव्हती. समोर ठकी बसली होती. डोंगरपाड्यातली ही बाई रोपवाटिकेत पिशव्या भरी. प्रेमलानं न राहवून "ठकी, अगं…" म्हटलं, तर पलीकडून शैलाताईंनी हसत ओठांवर बोट ठेवलं. पोरीसारखी शरमली बिचारी, खाली मान घालून सोलत राहिली. एवढ्या माणसांत बसून तिला घरच्यापेक्षा एकटं वाटलं. घरी निदान कुणी ऐकेल अशी आशा तरी नसे.

दरवर्षी ती मसाला चोळताना ओरडून विचारी, "मीठ कुणी घातलं गं?" ह्या वर्षी कोण विचारणार? तिला वाटलं ठकीनं घातलं, ठकीला वाटलं हिनं. हंडीच्या तोंडाला केळीचं पान बांधलं आणि भोवती जाळ पेटला.

सूर्य मावळला, तशी हंडी उघडली. पहिला घास घेतला आणि एकच हशा उठला. हंडी ठार अळणी! मिठाची वाटी फिरू लागली. शैलाताईंनी एकेकाला विचारलं, मौनात कसं वाटलं? कुणाला शांत वाटलं, कुणाला पाखरं ऐकू आली. मग प्रेमलाची पाळी आली.

ती म्हणाली, "माझ्या घरी रोजच असतं हो मौन. आई गेल्यापासून."

हसू थांबलं. शैलाताईंचा चेहरा उतरला. कुणी पानात बोट फिरवत बसलं, कुणी पाणी आणायला उठलं. प्रेमलाला वाटलं, उगीच बोललो आपण, सगळ्यांच्या जेवणाचा विचका केला.

तेवढ्यात ठकी आपलं पान उचलून तिच्याजवळ सरकली.

"आय कशी गेली तुजी?" तिनं विचारलं.

प्रेमलाचे डोळे भरून आले. चार महिने मनात घोळवलेलं सगळं एकदम ओठांशी आलं, आणि निघालं ते भलतंच.

"हे कंद तिनंच लावले होते गं," ती म्हणाली. "पावसाच्या तोंडावर. म्हणाली, पोरगी शिबिराला नेईल."

मिठाची वाटी फिरत ठकीपर्यंत आली. तिनं ती तशीच पुढे दिली, कंदाची फोड तोंडात घातली आणि म्हणाली, "सांग. मी बसलीय."

मग प्रेमला सांगू लागली.