नासपतीची थंडी

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण झाडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जावई फौजेत आहे. त्याच्याकडं हिमाचलात गेलो, तेव्हा क्वार्टरमागं नासपतीची बाग होती. एक खाल्ली, रस कोपरापर्यंत वघळला. तिथंच ठरवलं, ही आमच्या गावाला, निरवांगीत लावायची. रोप मांडीवर घेऊन घरी आलो.

पाच वर्षं झाली, झाडाला फूल नाही. गेल्या पौषात घरची म्हणाली, "अवं, औंदा त्यानं खायजोगं काय दिलं तर ठीक. न्हायतर तितं माझ्या शेळ्यांचा गोठा. कुऱ्हाड मीच घालणार."

जावयाला फोन लावला. तो म्हणाला, फुलायला त्याला थंडी लागते, ती तुमच्याकडं कमी पडते. म्हटलं, एवढंच ना! टेम्पोतून बर्फाच्या सहा लाद्या आणल्या. डाळिंबावर उन्हापासून आडोसा म्हणून टाकतो तसल्या जुन्या साड्या झाडाभोवती बांधल्या आणि आत बसून बुंध्याशी लाद्या रचायला लागलो.

एक गोष्ट ध्यानात आली नाही. आमच्याकडं घरी बर्फाची लादी येते ती मयत झाल्यावर, लेकी पोचेपर्यंत. तासाभरात अंगणात पन्नास माणसं. घरची शेळ्या घेऊन माळावर गेलेली, मी साड्यांच्या आत, कानाला मफलर गुंडाळून. त्यामुळं दोघांपैकी कोण गेलं, हेच कुणाला ठरवता येईना. दोघांनी तर तिरडीसाठी कळकही तोडून आणले. लोणी भापकरहून व्याही आले आणि साड्यांपुढं बसून रडायला लागले, "तात्या, असं कसं वो गेला!"

मी डोकं बाहेर काढलं. "कोण गेलं?"

व्याही मागच्या मागं पडले. सावरल्यावर म्हणाले, "मग बर्फ कुणाला?"

"झाडाला. थंडी देतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या हायती, डोस्कं तेवढं गेलंय."

मयतीच्या घरी चूल पेटत नाही. इथं घरचीला पन्नास जणांचा चहा करावा लागला. संध्याकाळी ती कुऱ्हाडीला धार लावत बसली.

पण फाल्गुनात सात फुलं आली! त्यातली एकच नासपती टिकली. आषाढात व्याह्यांना मुद्दाम बोलावून मी ती कापायला घेतली. सुरी आत जाईना. शेवटी कोयत्यानं फोडली. मी एक फोड कशीबशी चावली आणि म्हणालो, "ही अशीच असती."

व्याह्यांनी फोड ताटात परत ठेवली. "तात्या, कवळी नवी हाय माझी."

घरची उठली. फोडी उचलून आत गेली आणि काळा मसाला, दाण्याचं कूट घालून तिनं रस्सा केला. व्याह्यांनी दोनदा मागून घेतला, वाटी बोटानं पुसली.

घरची म्हणाली, "राहू द्या झाड. दुध्या भोपळ्यापरीस बरं हाय."

झाड वाचलं. पण माझ्या नासपतीला तिनं दुध्याच्या रांगेत बसवलं, म्हणून त्या दिवशी मी वाटीतल्या फोडींना शिवलो नाही. रश्शात भाकरी तेवढी बुडवली.